पोट भरल्यावर काय? सर्व्हायव्हल गेम निवडणाऱ्या नवख्यांसाठी

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे इंदूरच्या राजेंद्र नगरला आला होता. दुपारभर पडदे ओढून, कूलरसमोर बसून माइनक्राफ्ट. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस माउस बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, घर बांधलं, गव्हाचं शेत झालं, कोंबड्या पाळल्या, लोखंडाचं चिलखतही घातलं. आता काय करू?"

मला हसू आलं, कारण सर्व्हायव्हल गेम (भूक, थंडी, शत्रू यांच्याशी झुंजत जगून राहायचे खेळ) खेळणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन अडकतो. २०११ साली आलेल्या माइनक्राफ्टचा यात फारसा दोष नाही. तो गेम पुढचं सगळं तुमच्या कल्पनेवर सोडतो, आणि कोणी त्यात वर्षानुवर्षं राजवाडे बांधत बसतं. पण भाच्याचा पिंड तो नाही. त्याला मागून कोणीतरी ढकलणारं लागतं.

या प्रकारातले बरेच गेम असेच असतात. पहिले दहा तास भूक, थंडी, अंधार यांनी जीव नकोसा करतात, आणि विसाव्या तासाला तुमच्या पेटीत महिन्याभराचं अन्न पडलेलं असतं. भीती गेली की खेळही गेला. म्हणून नवा गेम बघताना मी आधी एकच विचारतो: पोट भरल्यावर काय? खरं तर इंदूरकराला हा प्रश्न पडू नये. घरी जेवून उठल्यावर रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला निघणारे आपण. गेमवाल्यांना मात्र पोट भरल्यावरची सोय मुद्दाम करून ठेवावी लागते, आणि ती सगळ्यांनी केलेली नसते.

आधी स्वतःला ओळखा

गेम शोधण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका.

पहिली, मरण किती झेपतं? 'द लाँग डार्क'च्या सर्व्हायव्हल प्रकारात, मूळ नियमाने, मेलात की सेव्ह (जतन केलेला खेळ) पुसली जाते. चाळीस तासांची मेहनत, आणि शेवटी एका लांडग्यापायी सगळं साफ. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'मध्ये माणूस जातो पण जग राहतं. त्याच जगात दुसरा माणूस घेऊन उतरायचं, आपल्याच जुन्या माणसाचं झॉम्बी झालेलं धूड शोधायचं आणि त्याच्या पाठीवरची पिशवी परत मिळवायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण मला हा प्रकार फार आवडतो. 'व्हॅलहाइम' त्या मानाने दयाळू आहे: सामान मेल्या जागी राहतं, अंगातली कौशल्यं थोडी घटतात, आणि तुम्ही उघड्या अंगाने ते सामान आणायला धावता. ज्याला हातचं गेलं की रात्रभर झोप येत नाही, त्याने पहिल्या प्रकाराच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये.

दुसरी, एकटे खेळणार की मित्रांबरोबर? चार जण असले की साधारण गेमही रंगतो, त्यामुळे मित्राने "भारी आहे" म्हटलेला गेम तुम्हाला एकट्याला भारी वाटेलच असं नाही. सल्ला घेताना हे विचारून घ्या.

मशीनचं खरं बोला

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी जेल रोडवरच्या एका दुकानातून लॅपटॉप घेतला. वर 'गेमिंग'चं स्टिकर, आणि दुकानदार म्हणाला, "भिया, मक्खन चलेगा." घरी येऊन बघतो तर वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, आणि ८ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत. ज्या लॅपटॉपला वेगळं कार्ड नसतं तो चित्र काढायला रॅमच वापरतो, आणि एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या की त्याचा वेग चांगलाच वाढतो. पुढे दुसरी पट्टी घालून घेतली तेव्हा तोच गेम अडखळायचा थांबला. तेव्हा नवं मशीन घ्यायला धावण्याआधी तळाची झाकणी उघडवून एक खाच रिकामी आहे का ते बघा.

डाउनलोडचाही विचार करा. भंवरकुआच्या होस्टेलवर एक वायफाय वीस जण ओढत असतील, तर 'आर्क'सारखा शंभर जीबीच्या पुढे जाणारा गेम आठवडाभर उतरतच राहील. व्हॅलहाइम आला तेव्हा जेमतेम १ जीबीचा होता, आणि अजूनही तो हलक्यांतच जमा. 'केन्शी'चं जग चालता चालता डिस्कवरून उचललं जातं, त्यामुळे तो एसएसडीवरच (वेगवान डिस्कवरच) टाका, नाहीतर दर दहा पावलांना थांबत बसाल.

मशीन अगदीच जुनं असेल तरी हिरमुसू नका. 'कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड' फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, खडखड लॅपटॉपवरही चालतो, आणि या लेखातल्या बहुतेक गेमांपेक्षा खोल आहे. दिसायला मात्र हिशेबाच्या वहीसारखा.

मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. मागच्या बाजूखाली दोन जाड वह्या सरकवा आणि सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ४५ किंवा ३० वर बांधा. या गेमांत तेवढं पुरतं. आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. वीज गेली की घरचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पीसी बंद पडलेला असतो, आणि झॉम्बीच्या तावडीतून सुटलेला तुमचा माणूस विजेपायी पुन्हा त्याच तावडीत जातो.

गेम किती खोल, हे कसं ओळखायचं

जाहिरातीत नकाशाचा आकार मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. त्याला भुलू नका. 'नो मॅन्स स्काय' २०१६ साली आला तेव्हा त्यात १८ वर १८ शून्यं एवढे ग्रह होते, आणि तरीही लोकांची तक्रार हीच होती की करायला काही नाही. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन तो गेम भरत आणला, तो भाग वेगळा. उलट 'सबनॉटिका'चा समुद्र तुलनेने लहान आणि हाताने रचलेला आहे, पण जितकं खाली जाल तितकी छाती धडधडते.

मी बघतो ते हे, की एका गोष्टीचा धागा ओढला तर दुसऱ्या किती गोष्टी हलतात.

व्हॅलहाइममधली साधी चूल घ्या. स्वीडनमधल्या पाच जणांच्या चमूने २०२१च्या फेब्रुवारीत हा गेम आणला. तुम्ही झोपडी बांधता आणि थंडी वाजू नये म्हणून आत आग पेटवता. खोली धुराने भरते आणि त्या धुरात तुमचाच जीव जायला लागतो. म्हणून छपराला भोक पाडता. पाऊस येतो, भोकातून पाणी पडतं, आग विझते. मग भोकावर अंतर सोडून दुसरं छोटं छप्पर चढवता, म्हणजे धूर बाजूने जाईल आणि पाणी आत येणार नाही. हे कोणी शिकवत नाही, तुम्हीच शोधता. आता आग टिकली. आगीजवळ बसलं की विसावा मिळतो. भोवती खाट, खुर्ची, गालिचा ठेवत गेलात की तो विसावा बाहेर पडल्यावरही जास्त वेळ टिकतो. विसावलेल्या माणसाचा दम लवकर भरून येतो, आणि दम असेल तर दलदलीतल्या मारामारीत तो जिवंत राहतो. म्हणजे घरातल्या खुर्चीचा संबंध थेट रणांगणाशी. गेमची खोली म्हणतात ती ही.

त्याच गेममध्ये एका जागेहून दुसरीकडे क्षणात नेणारी दारं बांधता येतात, पण मूळ नियमांत धातू, कच्चा असो वा वितळवलेला, त्यातून जात नाही. एका नियमामुळे अख्खा खेळ बदलतो: लोखंड घरी न्यायचं तर जहाज बांधा, वारा बघा, रात्रीच्या समुद्रात सापाला चुकवा. हा नियम बंद करायची सोय नंतर दिली आहे. नवख्यांनी कृपा करून ती वापरू नये.

दुसरी खूण म्हणजे डाव पुन्हा मांडला तर तुम्ही किती पुढे असता. चांगल्या गेममध्ये पात्र मेलं तरी तुमचं डोकं शाबूत राहतं, आणि पहिल्यांदा दहा तास लागलेलं काम दुसऱ्यांदा तासाभरात होतं. नुसते आकडे वाढवणाऱ्या गेममध्ये दुसऱ्यांदाही दहाच तास लागतात, आणि हात दुखतो तो वेगळा.

तिसरी खूण, जग तुमच्या विरुद्ध सरकत राहतं का. लाँग डार्कमध्ये कपडे फाटतात, काड्या संपतात, आणि अवघड पातळ्यांवर दिवस जातील तशी थंडी वाढत जाते. झॉम्बॉइडमध्ये पहिल्या महिन्यात कधीतरी नळाचं पाणी जातं आणि वीजही जाते. कधी, ते सांगून जात नाही. आपल्याला याची सवय आहे म्हणा.

कुठून सुरू करायचं

मी कोणालाही व्हॅलहाइम किंवा सबनॉटिकापासून सुरुवात करायला सांगतो. व्हॅलहाइममध्ये भुकेने मरण येत नाही. खाल्लं तर ताकद वाढते, न खाल्लं तर माणूस दुबळा राहतो, एवढंच. नवख्याच्या डोक्यावरचा एक ताण कमी. सबनॉटिकाला गोष्ट आहे आणि शेवट आहे, त्यामुळे 'आता काय' म्हणायची वेळ येते तोवर गेम संपलेला असतो. एकट्याने, रात्री, हेडफोन लावून खेळा.

त्यानंतर 'व्हिंटेज स्टोरी'. दिसतो माइनक्राफ्टसारखा, म्हणून भाच्याने आधी नाक मुरडलं. पण यात दगडाची सुरीसुद्धा गारगोटीवर एकेक टवका उडवून करावी लागते. मातीचं भांडं थर थर रचून घडवायचं, मग खड्ड्यात ठेवून वर सुकं गवत, काड्या, जळण रचून भाजायचं. तांब्याचे खडे वाळू चाळून किंवा जमिनीवर हिंडून गोळा करायचे. पहिल्या कुदळीला २० खडे लागतात, आणि विसावा खडा सापडतो तेव्हाचा आनंद मी कुठल्याच तलवारीत अनुभवला नाही.

त्याची खरी गंमत पोट भरल्यावर सुरू होते. मूळ सेटिंगमध्ये महिना ९ दिवसांचा असतो, म्हणजे वर्ष १०८ दिवसांचं. वसंतात तुम्ही उतरता, उन्हाळ्यात शेत डोलतं, तुम्ही खुश. आणि मग गोठवणारी थंडी येते, शेतात काही उगवत नाही. ज्याने तळघर खोदून रांजणांत धान्य साठवलं, शिजवलेलं अन्न मडक्यात घालून वर चरबीने तोंड बंद केलं, तो तरतो. आमच्या आजीने एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया का घातल्या होत्या, ते भाच्याला या गेममुळे कळलं. हा गेम स्टीमवर (गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानात) मिळत नाही, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेता येतो, म्हणून बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो.

मग झॉम्बॉइड. १९९३चं अमेरिकेतलं केंटकी, आणि सुरुवातीलाच गेम सांगतो की ही तुमच्या मरणाची कहाणी आहे. यातलं माझं एक मरण सांगतो, म्हणजे गेमचा स्वभाव कळेल. मी घर बंदिस्त केलं होतं, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, फ्रीज भरलेला. वीज गेली. जनरेटर मिळाला, पण तो जोडायचा कसा हे सांगणारं मासिक वाचल्याशिवाय पात्राला जोडता येत नाही, म्हणून ते मासिक शोधायला तीन दिवस गावभर भटकलो. शेवटी जनरेटर जोडला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हुशारीने घरातच ठेवला. पात्राला मळमळायला लागलं. मला वाटलं शिळं खाल्लं असेल. निवांत झोपवलं. तो उठलाच नाही. जनरेटरचा धूर बंद खोलीत कोंडला होता.

रागाने लॅपटॉप मिटला, आणि दोन मिनिटांत पुन्हा उघडला. कारण चूक माझी होती आणि ती मला कळली होती. गेम नवा घेतलात की ही कसोटी लावा: आपण का मेलो ते शेजारच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं का? येत असेल तर गेम ठेवा.

केन्शी आणि कॅटॅक्लिझम सर्वांत शेवटी. केन्शी मुख्यतः एका माणसाने सुरू केलेला आणि बारा वर्षं घडवून २०१८ साली पूर्ण केलेला गेम आहे. त्यात तुम्ही कोणी निवडलेले वीर वगैरे नसता. उपाशी दरोडेखोर तुम्हाला बडवून, अन्न घेऊन निघून जातात. आणि मार खाल्ल्यानेच अंगाचा चिवटपणा वाढतो. पहिल्या आठवड्यात हा गेम आवडला म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सोडून न दिलेले बरेच भेटले.

पैसे देण्याआधी

स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे क्रेडिट कार्डासाठी बाबांच्या मागे लागायचं कारण नाही. घाई नसेल तर इच्छायादीत टाकून ठेवा. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल लागतात, आणि जुने गेम निम्म्या किमतीला किंवा त्याहून खाली येतात. फुकटची फोडलेली कॉपी कोणी पेन ड्राइव्हवर देईल, ती घेऊ नका. व्हायरसचं सोडा, हे गेम सतत अपडेट होतात आणि ती कॉपी जिथल्या तिथे राहते.

अभिप्राय वाचताना स्तुती वगळा. शंभर तासांच्या वर खेळून ज्यांनी नापसंतीचा अंगठा दिलाय त्यांचं वाचा. खेळलेल्या तासांनुसार गाळणी लावायची सोय तिथेच आहे. पाच तास खेळलेला माणूस सांगतो की गेम अवघड आहे. दोनशे तासवाला सांगतो की कुठल्या टप्प्यानंतर त्यात काही उरत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं. 'अर्ली अॅक्सेस' (म्हणजे गेम पुरा व्हायच्या आधीच विकायला ठेवलेला) लिहिलेलं असेल तर शेवटचा अपडेट कधीचा, ते आधी बघा. झॉम्बॉइड २०१३पासून स्टीमवर अर्ली अॅक्सेसमध्येच आहे आणि तरी जिवंत आहे, पण तसे थोडे. अर्धवट सोडून पळालेले पुष्कळ.

आता दोन तासांचा हिशेब. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. पण मेनू उघडा ठेवून चहाला गेलात तरी ते तास मोजले जातात. म्हणून गेम चालू करण्याआधीच बटणांच्या मांडणीबद्दलचा एक व्हिडिओ बघून घ्या. पहिली दहा मिनिटं ग्राफिक्स खाली आणून मशीनला झेपतंय का बघा. मग तासभर खेळा, मुद्दाम एक रात्र बाहेर काढा आणि एकदा मरा. नवं जग सुरू करा. या दुसऱ्या सुरुवातीला हात आपोआप वेगळे चालले, तर गेम तुमचा. नाहीतर घड्याळ बघा आणि परत करा, लाजायचं काही नाही.

पहिल्या आठवड्यात

गेमची विकी (खेळाडूंनी लिहिलेली माहितीची साइट) उघडायचा मोह होतो. माझा नियम असा आहे, की ज्या गोष्टीने मारलं तेवढीच शोधायची, बाकी पान बंद. सगळं आधीच वाचून बसलात तर गेम म्हणजे यादी बघून किराणा भरणं होतं.

मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरबदल) पहिल्या तीस तासांत लावू नका. अपवाद फक्त अक्षरं मोठी करणाऱ्यांचा, कारण यातले काही गेम चाळिशीनंतरच्या डोळ्यांवर अन्याय करतात.

सेटिंगला मात्र जरूर हात लावा. झॉम्बॉइडच्या सँडबॉक्समध्ये झॉम्बींची संख्या, पाणी-वीज कधी जावी, दिवस किती लांब असावा, सगळं ठरवता येतं. नेहमीच्या सेटिंगला तिथला दिवस लवकर संपतो. मी नवख्यांना दोन तासांचा दिवस आणि कमी झॉम्बी लावून देतो. कोणी त्याला फसवणूक म्हटलं तर म्हणू दे.

आणि पंचविसाव्या तासाच्या आसपास मरगळ येईलच. घर पक्कं, कोठार भरलेलं, बाहेर जायचं कारण नाही. तेव्हा गेम बदलू नका, घर बदला. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या हवामानात, पाठीवर मावेल तेवढंच घेऊन निघा. लाँग डार्कमध्ये मी हे दर हिवाळ्यात करतो, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात, रजई घेऊन.

भाचा आता पुण्याला आहे. रविवारी रात्री आम्ही चौघं व्हॅलहाइममध्ये एकाच जगात भेटतो. दहा जणांपर्यंत चालतात त्यात. मागच्या खेपेला लोखंडाने भरलेलं जहाज त्याने खडकावर घातलं, आणि त्या बेटावरून मला त्याचा फोन आला की मामा, तुझ्याकडे लाकूड किती आहे.